बेडूक, हृदय आणि आम्ही

आपल्या मराठी भाषेने बिचाऱ्या हृदयावर फार मोठा बोजा टाकून ठेवला आहे. अवचित काही घडले की काळजाचा ठोका चुकतो. वाईट वार्ता कानी आली की छातीत धस्स होते. भित्र्याच्या काळजाचे पाणी पाणी होते. आणि जो खात्रीने बोलतो तो छातीठोक बोलतो. संकटाला सामोरे जाण्यास ‘छाती लागते’ असे आपण म्हणतो. थोडक्यात, मनुष्य धीट आहे की भेकड, याचा दाखला त्याच्या हृदयाने द्यावा अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. भाषेचे अलंकार म्हणून हे सारे गोड आहे. परंतु असा एक दाखला आम्ही वयाच्या सतराव्या वर्षी अक्षरशः खरा मानला आणि त्यापायी एक वाट कायमची सोडली. विद्यार्थी मित्रहो, ती हकीकत आजवर आम्ही कोणास सांगितली नव्हती. या अंकात ती सांगण्यास एक कारण घडले आहे. ते ओघाने येईलच.

गोष्ट 1985 सालची. आम्ही तेव्हा बेळगावात पी. यू. सी.च्या पहिल्या वर्षात शिकत होतो. वडगावात आमचे घर. पुढच्या सोप्यात हातमाग आणि मागे स्वयंपाकघर. मागाची खटखट थांबली की घरात काहीतरी बिनसले आहे असे आम्हा भावंडांस वाटे. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. त्यांची एकच इच्छा होती, आणि ती ते मागावर बसल्या बसल्या येणाऱ्याजाणाऱ्यास ऐकवीत : ‘‘आमच्या घरात एक तरी डॉक्टर व्हायला पाहिजे.’’ तो ‘एक’ कोण हे ते बोलत नसत. पण त्यांची नजर बोलत असे.

एके दिवशी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्राध्यापकांनी बेडकाचे हृदय वेगळे काढून मिठाच्या सौम्य द्रावणात ठेवले आणि आम्हा सर्वांना टेबलाभोवती बोलाविले. ते इवलेसे मांस बशीत धडधडत होते! देह नाही, मेंदू नाही. तरी ते आवळत होते, सैल होत होते. प्राध्यापक घड्याळ लावून त्याचे ठोके मोजू लागले. पुढचे आम्हाला तुटक तुटक आठवते. तोंडाला पाणी सुटले, कपाळावर थंड घाम आला, कानांत घूं घूं असा नाद भरला आणि समोरची माणसे धुक्यात गेल्यासारखी पुसट झाली. डोळे उघडले तेव्हा आम्ही फरशीवर आडवे होतो आणि वर चाळीस तोंडे वर्तुळाकार ओणवली होती. ‘‘बेडकाला बघून बेडूक पडला!’’ असे कोणीसे म्हणाले. त्या दिवसापासून दोन वर्षे आमचे नाव ‘बेडूक’ होते.

नावाचे दुःख फारसे नव्हते. दुःख याचे, की आम्हालाही ते मनोमन पटले. ज्याला बेडकाचे हृदय पाहवत नाही, तो माणसाचे काय पाहणार? आठवडाभर विचार करून आम्ही एका संध्याकाळी अण्णांपाशी गेलो आणि म्हणालो, ‘‘अण्णा, मला डॉक्टरकी नको वाटते. शिक्षक व्हावं म्हणतो.’’ त्यांच्या हातातला धोटा क्षणभर थांबला. मग ते म्हणाले, ‘‘बरं. मास्तर हो. पण चांगला मास्तर हो.’’ कारण त्यांनी विचारले नाही. आम्ही सांगितले नाही. आज अण्णा नाहीत.

आता यंदाचे कारण. गेल्या वर्षी पावसाळ्यात आपल्या शाळेत आरोग्य तपासणीचे शिबिर भरले होते. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेत होते. रांगेत उभी असलेली नववीतील एक विद्यार्थिनी, पुढच्या मुलीच्या बोटावरचा थेंब पाहताच, उभ्याची आडवी झाली. दोन मिनिटांत ती सावध झाली आणि तिला घरी पाठविण्यात आले. तिचे नाव आम्ही येथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली आणि खाली मान घालून म्हणाली, ‘‘सर, मी नर्सिंगला जाणार म्हणत होते ना, ते आता सोडून दिलं. रक्त बघून पडणारी मुलगी कसली नर्स होणार?’’

सुमारे चाळीस वर्षांपूर्वीचे आमचे वाक्य, शब्दांच्या थोड्या फरकाने, आमच्यापुढे उभे होते. आम्ही म्हटले, ‘‘बस बाळ. डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेव आणि नाडी मोज.’’ तिने मोजली. मिनिटाला 84. ‘‘आता ऐक,’’ आम्ही म्हणालो. त्या दिवशी तिला जे सांगितले, तेच येथे थोड्या विस्ताराने लिहीत आहो.

पहिली गोष्ट ही, की हृदय आपल्या आज्ञेने चालत नाही. किंबहुना ते मेंदूच्या आज्ञेनेही चालत नाही. बशीतील बेडकाच्या हृदयाला मेंदू कोठे होता? हृदयाची चावी हृदयातच आहे. आपल्या हृदयाच्या उजव्या अलिंदाच्या भिंतीत, वरच्या बाजूस, जेथे मोठी शीर येऊन मिळते तेथे, सुमारे दीड सेंटीमीटर लांबीचा पेशींचा एक पुंजका आहे. त्याला पेसमेकर म्हणतात. आपण गतिकारक म्हणू. आजारी माणसाच्या छातीत जे यंत्र बसवितात त्याचे नाव यावरूनच पडले. हा पुंजका 1907 साली आर्थर कीथ आणि त्यांचा तरुण विद्यार्थी मार्टिन फ्लॅक यांनी जगापुढे मांडला. तो प्रथम फ्लॅकच्या दृष्टीस पडला तो मात्र माणसाच्या हृदयात नव्हे. जमिनीखाली बिळे करून राहणाऱ्या, चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या एका लहानशा प्राण्याच्या हृदयात.

हा गतिकारक चालतो कसा? आमच्या आजोळी लग्नाच्या मुहूर्तासाठी घटिकापात्र ठेवीत. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर तरंगत सोडायची. पाणी हळूहळू आत शिरते, आणि चोवीस मिनिटांनी वाटी भरून बुडते. मग ती रिकामी करून पुन्हा सोडावयाची. गतिकारकाची प्रत्येक पेशी म्हणजे असेच एक घटिकापात्र समजा. तिच्या आवरणातील सूक्ष्म दारांतून विद्युत्‌भारित कण, प्रथम मुख्यतः सोडियमचे व मागाहून कॅल्शियमचे, आत झिरपत राहतात. ठराविक पातळी गाठली की वाटी बुडते, म्हणजे विजेची एक लहर उठते. ती हृदयभर पसरते आणि ठोका पडतो. लगेच पोटॅशियमचे कण बाहेर पडून वाटी रिकामी होते व पुन्हा भरू लागते. घटिकापात्राला चोवीस मिनिटे लागतात. या पात्राला एक सेकंदही लागत नाही. हा झिरपणारा प्रवाह सशाच्या हृदयात शोधून काढला तो 1979 साली, ऑक्सफर्ड येथे, ब्राउन, दीफ्रान्चेस्को आणि नोबल या तिघांनी. त्याचे वागणे इतर प्रवाहांहून इतके वेगळे होते की त्याला ‘फनी’, म्हणजे गमतीदार, असे नाव पडले आणि ते शास्त्रात कायम झाले! मिनिटाला 72 ठोके धरले तर दिवसाचे 1,03,680 होतात. एवढ्या वेळा हे पात्र न सांगता भरते आणि बुडते.

दुसरी गोष्ट अशी, की घटिकापात्र आपोआप चालत असले तरी त्याच्याजवळ दोन सेवक रात्रंदिवस उभे असतात. ही आपली स्वायत्त चेतासंस्था होय. एका बाजूला अनुकंपी चेता. त्या नॉरॲड्रेनॅलीन नावाचे द्रव्य सोडून छिद्र मोठे करतात. वाटी लवकर भरते, ठोके जलद पडतात. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून रक्तात मिसळणारे ॲड्रेनॅलीनही हेच काम करते. दुसऱ्या बाजूला व्हेगस चेता. ‘व्हेगस’ या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी भटका; मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छातून निघून ही चेता गळा, छाती, पोट असा प्रवास करीत जाते. ती ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य सोडते. त्याने छिद्र अरुंद होते आणि भरलेले पाणीही थोडे उपसले जाते; साहजिकच ठोके मंदावतात. व्हेगसला विजेने चेतविले असता हृदय मंदावते, किंबहुना काही काळ थांबतेही, हे वेबर बंधूंनी 1845 सालीच दाखविले होते.

आता एक प्रश्न. दोन्ही सेवकांना रजा दिली तर हृदय किती वेगाने चालेल? आमचा समज होता की सत्तरच्या आसपास. तो चुकीचा निघाला. मोकळे सोडलेले तरुण हृदय मिनिटाला शंभराहून थोडे अधिक ठोके देते. म्हणजे आपण स्वस्थ बसलेले असताना नाडी जी सत्तर-ऐंशी लागते, ती हृदयाची स्वतःची गती नव्हे. व्हेगसने लगाम खेचून धरलेली गती होय. याचा पुरावा हृदयरोपण झालेल्या रुग्णांत मिळतो. माणसाच्या हृदयाचे पहिले रोपण 3 डिसेंबर 1967 रोजी केप टाउन येथे ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केले. लगेच फेब्रुवारी 1968 मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिला प्रयत्न केला. रुग्ण काही तासच जगला. पुढे 3 ऑगस्ट 1994 रोजी दिल्लीस डॉ. वेणुगोपाल यांना यश आले. अशा रोपणात रक्तवाहिन्या जोडता येतात, चेता जोडता येत नाहीत. म्हणून नवे हृदय निवांत वेळीही बहुधा 90 ते 110 च्या गतीने चालते, आणि माणूस जिना चढू लागला तरी ते लगेच वेग घेत नाही. रक्तातून ॲड्रेनॅलीन पोहोचेपर्यंत वाट पाहते.

शांतता म्हणजे काहीही न करणे असे आपण समजतो. शरीराचे मत निराळे आहे. आपली शांतता कोणीतरी अखंड सांभाळीत असते.

या सेवकांची भाषा रासायनिक आहे हे कसे कळले, त्याची कथा तर बेडकाचीच आहे. ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे ओटो लोवी नावाचे शास्त्रज्ञ होते. एका रात्री त्यांना स्वप्नात एक प्रयोग सुचला; अर्धवट झोपेत त्यांनी तो कागदावर खरडला आणि सकाळी स्वतःचेच अक्षर त्यांना लागेना! दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले. या वेळी कागदाच्या नादी न लागता ते उठले आणि थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकांची दोन हृदये त्यांनी मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवली. पहिल्याची व्हेगस चेता चेतविली, ते मंदावले. मग त्याच्या भोवतालचे द्रावण उचलून दुसऱ्याला दिले, आणि ज्याला कोणतीही चेता जोडलेली नव्हती ते दुसरे हृदयही मंदावले. वेग वाढविणारी चेता चेतवून तेच केले असता दुसऱ्याचाही वेग वाढला. 1921 साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि 1936 साली लोवी यांना हेन्री डेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. लोवी ज्यू होते. 1938 साली नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केला तेव्हा त्यांना तुरुंगात टाकले, आणि सुटकेसाठी पारितोषिकाची रक्कम त्यांच्याकडून काढून घेतली. हे वाचल्यापासून बेडकाच्या हृदयाविषयीचा आमचा राग पुष्कळ ओसरला.

आता भीतीकडे वळू. वक्तृत्व स्पर्धेत आपले नाव पुकारले जाते आणि छातीत धडधड सुरू होते. त्या क्षणी काय घडते? प्रथम व्हेगस लगाम सैल सोडते. हे एका-दोन ठोक्यांतच घडते. मग काही सेकंदांनी अनुकंपी चेतांची टाच बसते. हृदय पळू लागते, कारण पुढे कष्ट आहेत असे शरीराने ओळखलेले असते व स्नायूंना अधिक रक्त लागणार असते. ही भेकडपणाची खूण नव्हे, तयारीची आहे. गेल्या हिवाळ्यात राजहंसगडावर सहल गेली तेव्हा आम्ही नववीच्या मुलामुलींना पायथ्याशी, माथ्यावर आणि माथ्यावर पाच मिनिटे बसल्यानंतर अशी तीनदा नाडी मोजावयास लाविली. कबड्डीच्या संघनायकाची नाडी पायथ्याशी 76 होती, माथ्यावर 152 भरली आणि पाच मिनिटांनी 98 वर आली. तो गडाला घाबरला असे कोणीही म्हणाले नाही. मग व्यासपीठावर 120 झाली तर माणूस भित्रा कसा ठरतो?

आणि रक्त पाहून पडणे? तेथे हेच सेवक उलटे वागतात. रक्त किंवा सुई दिसताच काही माणसांत नाडी प्रथम वाढते. मग एकाएकी व्हेगस लगाम जोराने खेचते आणि त्याच वेळी अनुकंपी चेता रक्तवाहिन्यांवरील आपली पकड सोडून देतात. वाहिन्या सैल पडतात, रक्त पायांकडे उतरते, रक्तदाब घसरतो, मेंदूला रक्त अपुरे पडते आणि माणूस खाली येतो. खाली येणे हाच यावरचा उपायही आहे. आडवे झाल्याबरोबर रक्त पुन्हा मेंदूकडे वाहू लागते. म्हणून अशा माणसाला धरून उभे करू नये. निजवून पाय थोडे उंच करावे. नुसते हृदय नव्हे, रक्तवाहिन्यांचाही यात मोठा हात असतो, हे इंग्लंडचे थॉमस लुईस यांनी 1932 साली नीट दाखवून दिले. ही प्रवृत्ती पुष्कळदा घराण्यात चालत आलेली असते. तिचा धैर्याशी संबंध नाही. उलट बाकीच्या बहुतेक भयांत रक्तदाब चढतो. या एका प्रसंगात तो उतरतो.

हे ऐकून ती मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, ‘‘पण सर, मला ते थांबवता येईल का?’’

प्रश्न नेमका होता. हृदयाला सरळ आज्ञा करता येत नाही. हृदय थांबवून दाखवितो म्हणणाऱ्या योग्यांची वेंगर, बागची आणि आनंद यांनी यंत्रे लावून तपासणी केली आणि 1961 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. श्वास कोंडून व छातीचे स्नायू आवळून मनगटावरील नाडी पुसट करता येत होती. परंतु हृदयाचा विद्युत्-आलेख मात्र चालूच होता. तथापि समोरचे दार बंद असले तरी परसदार उघडे आहे. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना मंदावते, कारण उच्छ्‌वासाच्या वेळी व्हेगसचा लगाम घट्ट होतो. संथ, लांब उच्छ्‌वास सोडला की धडधड उतरते, ती यामुळे. रक्त पाहून पडणाऱ्याने मात्र उलट करावे : मांड्या, दंड आणि पोट यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद ताठ आवळावे, चेहरा उबदार वाटू लागला की सैल सोडावे, आणि असे पाच वेळा करावे. त्याने रक्तदाब वर राहतो. सरावाने पडणे पुष्कळांचे थांबते. अर्थात, जो धावताना पडतो किंवा वारंवार, कारणावाचून पडतो, त्याने मात्र डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे.

आमचा एक जुना वर्गमित्र पुढे डॉक्टर झाला. काही वर्षांपूर्वी धीर करून आम्ही त्याच्यापाशी हा विषय काढला. तो खदखदा हसला आणि म्हणाला, ‘‘अरे, पहिली शस्त्रक्रिया बघताना मी पण आडवा झालो होतो! भिंतीला टेकून बसवलं मला. पुढच्या आठवड्यात परत गेलो.’’ आम्हा दोघांत अंतर पडले ते एवढेच. पडलो दोघेही, तो परत गेला.

शिक्षक झाल्याची आम्हाला खंत नाही. या शाळेने आम्हाला जे दिले ते दुसरीकडे मिळाले नसते. खंत आहे ती ही, की व्हेगस चेतेच्या अर्ध्या मिनिटाच्या लहरीला आम्ही स्वतःविषयीचा न्यायनिवाडा समजलो, आणि अण्णांना खरे कारण सांगितले नाही. सांगितले असते तर मागावर बसल्या बसल्या ते कदाचित म्हणाले असते, ‘‘सूत तुटलं तर आपण माग मोडतो का रे?’’

यंदा पावसाळ्यात शिबिर पुन्हा भरले. ती मुलगी, आता दहावीत, रांगेत उभी होती. पाळी आली तेव्हा ती परिचारिकेला स्पष्ट म्हणाली, ‘‘ताई, मला चक्कर येते. मी आडवी होऊन रक्त देते.’’ बाकावर निजून तिने मुठी वळल्या, मांड्या ताठ केल्या, आणि डोळे मिटून न घेता बोटाकडे पाहिले. चेहरा पांढरा पडला होता. पण ती शुद्धीवर राहिली. उठल्यावर आपणहून तिने मनगटावर बोटे ठेविली आणि आमच्याकडे पाहून म्हणाली, ‘‘एकशे चार, सर.’’

पुढे ती नर्स होईल की आणखी काही, हे आम्हास ठाऊक नाही. ते तिने ठरवावे. एवढेच, की ठरविताना तिच्या हृदयाची साक्ष काढली जाणार नाही.